चौथा दिवा

कंपनीच्या बत्रासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "पाटणकर, तबियत ठीक है?"

पद्माकर पाटणकरची तब्येत ठीक होती. झोप तेवढी तीन आठवडे नव्हती.

गुडगावात तेव्हा इमारती आधी उगवत आणि रस्ते त्यांना शोधत मागाहून येत. तिथल्या एका काचेच्या कॉल सेंटरमध्ये, सर्व्हर-खोलीच्या उचलता येणाऱ्या फरशीखाली, पद्माकरने पाणी ओळखणाऱ्या चार केबली अंथरून एका पेटीला जोडल्या होत्या. केबल भिजली की कंट्रोल रूमच्या संगणकावरचा हिरवा दिवा लाल होई आणि भोंगा वाजे. तीन केबली शहाण्या निघाल्या. चौथी कोरडी ठणठणीत असूनही बोंब मारी. ऑगस्टात इमारत ताब्यात द्यायची वेळ आली, दुसऱ्या दिवशी अमेरिकेहून मालक येणार होते आणि त्यांना चार हिरवे दिवे बघायचे होते.

पद्माकरने चौथी केबल पेटीतून सोडवली आणि तिच्या जागी अंगठ्याएवढा प्लग खोचला. हा प्लग खरा केबलीच्या शेपटाला लावायचा. तो सरळ पेटीतच बसवला की पेटीची समजूत होते, सगळं कोरडं आहे. मग पाणी छताला टेकलं तरी दिवा हिरवाच. सोमवारी नवी केबल टाकू, असं ठरवून त्याने प्लगवर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. बायकोला, वीणाला, न आवडलेली ती बाटली त्याच्या हत्यारांच्या पिशवीत असे. जिथे परत यायचंय तिथे ठिपका, ही त्याची पद्धत.

कंट्रोल रूमचा ऑपरेटर दीनानाथ सोनटक्के बत्रासाहेबांच्याच कंपनीतला, नगरकडचा. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस. तो म्हणाला होता, "साहेब, चारींना ओलं फडकं लावून दाखवा की."

"सोमवारी, दीनानाथराव. बिल्कुल."

तो सोमवार आलाच नाही. नोएडाचं काम आलं, त्याच्यामागून आणखी एक.

अमेरिकेच्या घड्याळावर चालणारी ती इमारत दुपारी ओस असे. संक्रांतीच्या दुपारी एसीचा पाइप फुटला, तो नेमका चौथ्या केबलीवर. दोन तास पाणी वाहिलं. सर्व्हर बुडाले, नोंदी ठेवणारा संगणक त्यांच्यातच होता, तोही गेला. पद्माकर पोचेपर्यंत पेटी भंगारात पडली होती. दीनानाथ चौकशीत एकच सांगत राहिला, मी खुर्चीवरून हललो नाही, भोंगा वाजलाच नाही. बत्रासाहेब म्हणाले, सो रहा था. त्याच संध्याकाळी त्याला गेटबाहेर काढलं.

अख्ख्या इमारतीत त्याच्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला. घरी वीणाने तिळगूळ हातावर ठेवला, तो त्याने नळाखाली सोडून दिला.

आता पत्रात सगळं होतं, प्लगसकट. दुपारपर्यंत पद्माकरची नोकरी गेली. दीनानाथला परत बोलावणारा कागद मात्र त्याने हट्टाने मागून घेतला आणि फरीदाबादची बस पकडली.

दीनानाथच्या दोन खोल्यांच्या घरात त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. दीनानाथचा चेहरा पांढरा पडला. पद्माकरला वाटलं, हा आता आपल्या कानाखाली वाजवणार, आणि वाजवावीच.

"हे तुम्ही लिहून दिलंत, साहेब?"

"हो."

"नोकरी?"

"गेली. जायलाच हवी होती."

"कशाला दिलंत," दीनानाथ पुटपुटला. मग चप्पल अडकवून, साहेब जेवूनच जातील, दही आणतो, असं भिंतीकडे बघत म्हणाला आणि जवळजवळ पळतच बाहेर पडला.

त्याच्या बायकोच्या, विजयाच्या, डोळ्यांना धार लागली होती. "ह्यांच्या नावाला लागलेला डाग धुतलात, भाऊ." तिने डबा उघडून तिळाचा लाडू पुढे केला. "संक्रांतीचाच आहे, पण चांगला आहे. दिल्लीला पहाडगंजच्या शाळेत मराठी मंडळाचा कार्यक्रम होता ना दुपारी, तिथून ह्यांनीच आणला."

पद्माकरने लाडू खाल्ला. तीन आठवड्यांनी जिभेला गोड कळलं.

विजयाने कागद देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि तो जपून ठेवायला कपाट उघडलं. कुलपात किल्ल्यांचा जुडगा हलत राहिला. त्यात अंगठ्याएवढं काहीतरी लटकत होतं. कुंकवाने माखलेलं, पण खालचा जांभळा ठिपका दिसत होता.

"हे काय आहे, वहिनी?"

"ते होय? कामावरचंच," विजया म्हणाली. "खंडेनवमीला हत्यारांबरोबर पूजेला आणलं, तेव्हापासून किल्ल्यांनाच आहे. म्हणाले, कुणीतरी चुकीच्या जागी खोचून ठेवलं होतं, मी काढलं, केबल पुसून नीट जोडली आणि ओलं फडकं लावून भोंगाही वाजवून बघितला."