बाबा जेवले

भास्कररावांचं भांडी धुण्याचं जुनं यंत्र पाणी घेईना. ते चाललं की मंगळावरच्या मुलाला ‘बाबा जेवले’ असा निरोप जाई. निरोप चुकला, तर मुलगा त्यांना वृद्धाश्रमात हलवणार होता.

दुरुस्तीला आलेल्या रेवतीने पाण्याची झडप तपासली, निचऱ्याची नळी फुंकून पाहिली. दोन्ही ठीक होत्या. मग तिने आतलं ताट उचललं.

“काका, खरकटं असेल तरच हे पाणी घेतं. हे ताट कोरडं आहे.”

“आधी न जेवताच ताटाला वरण फासून ठेवायचो गं. आता एकट्यासाठी तेही करवत नाही. तू यंत्राची ती खरकट्याची तपासणीच बंद कर ना.”

रेवतीने आपला डबा उघडला आणि त्याच ताटात पिठलं-भाकरी वाढली.

“आधी जेवा.”

भास्करराव सावकाश जेवले. यंत्राने पाणी घेतलं. मंगळाकडे निघालेला निरोप आज खरा होता.