मुठीचं माप

उन्हाळ्यात रेनडियरच्या पिल्लांच्या कानांवर घराण्याची खूण कापायची, आणि त्यासाठी मुलाला पहिला चाकू बापानेच करून द्यायचा, ही रीत. बारा वर्षांचा असताना आईबरोबर शहरात गेलेला मुलगा मिक्काल चौदा वर्षांनी खूण कापायला येतोय असं कळलं, तसा इस्सातने जन्मात पहिल्यांदा चाकू करायला घेतला. पातं विकत आणलं, पण मूठ शिंगाची हवी आणि ती स्वतःच्याच हातची. महिनाभर तो एकटाच खिडकीशी बसून शिंग घासत होता. दोन शिंगं वाया गेली, बोटांना चिरा पडल्या.

"साठी उलटल्यावर हे कसलं खूळ घेतलंस रे!" शेजारची रिस्तेन हसली. "आणि माप कुठाय? मूठ हातात नीट बसली नाही तर पिल्लाचा कान वाकडा कापला जाईल हो."

"माप कशाला लागतंय? पोराचा हात बाप विसरतो होय?" डोळे मिटून मूठ चाचपत इस्सात म्हणाला.

मिक्काल आला तो दारातून वाकूनच आत शिरला. टेबलावरचा चाकू त्याने कौतुकाने उचलला. मुठीवर त्याची तीनच बोटं मावली.

"झकास झालाय, बाबा! कुठल्या लहान मुलासाठी केलाय?"

इस्सातने कॉफीची किटली उचलली आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाला,



"रिस्तेनच्या नातवासाठी."