एकेचाळीस सह्या

महमूद काझी ओमानमधल्या रुवीत एका कंपनीत टायपिस्ट होता. कंपनीच्या इब्रीच्या साइटवरच्या एकेचाळीस कामगारांचे पासपोर्ट तिजोरीत बंद होते. घरी आई वारली तरी कुणाला सोडत नव्हते. शेवटी महमूदनं गुपचूप संसदेच्या नावानं अर्ज टाइप केला आणि गावाकडच्या एका खासदारांकडे पाठवून दिला. सह्यासुद्धा गोलात घेतल्या, म्हणजे पहिली कुणाची ते कळायला नको. स्वतःचं नाव त्यानं कुठंच घातलं नाही.

चार महिन्यांनी मॅनेजर लेस्लीसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तोच अर्ज. खासदारांच्या ऑफिसनं तो खुलासा मागत थेट कंपनीलाच पाठवला होता.

"बघ रे, फेर धरल्यासारख्या सह्या केल्यात," साहेब हसले. "कोणी शिकवलं यांना?"

"काय माहीत, साहेब."

"जाऊ दे. उत्तर टाइप कर. पासपोर्ट माणसांनी स्वतःहून ठेवायला दिलेत, कुणाची काही तक्रार नाही. खलास."

महमूद मान हलवून उठला. आपण वाचलो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्या एकेचाळीस जणांची आठवण त्याला दारापाशी झाली, आणि तेवढ्यात साहेब मागून म्हणाले, "आणि टायपिस्टचे इनिशियल्स विसरू नकोस हां. नेहमीसारखे, तळाशी डाव्या कोपऱ्यात. या अर्जावर घातलेस ना, तसेच."