बुडालेल्याची भूमिका

दिग्दर्शक “कट” म्हणाला, तरी नोरा म्हातारीने फर्गसचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

तीस वर्षांत या आयरिश नटाने गुंड, पाद्री, सैनिक साकारले. नायक कधीच नाही, आणि बहुतेक चित्रपटांत तो अर्ध्यातच मरायचा. आज तो बुडालेला कोळी होऊन किनाऱ्यावर पडला होता. त्या कोळ्याच्या आईच्या भूमिकेसाठी गावातल्याच नोराला आणलं होतं.

“उठू नकोस रे,” ती कानाशी म्हणाली. “माझा खरा मुलगा समुद्राने परत दिलाच नाही. तेवढं रडून घेऊ दे.”

फर्गसने पुन्हा डोळे मिटले. ती केसांतून हात फिरवत एक अनोळखी नाव घेत राहिली, आणि त्याचे आधी पाय, मग हात गार पडू लागले. लोकांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे दूर गेले. त्याला ओरडायचं होतं, पण ओठच हलेनात.

“जा आता, बाळा,” नोरा शेवटी म्हणाली आणि डोळे पुसून शांतपणे घराकडे निघाली.

फर्गस धडपडत उठून बसला. ओहोटीचा समुद्र मैलभर मागे गेला होता, वाळू कोरडी ठणठणीत होती. आणि तो भडाभडा खारं पाणी ओकत होता.