आईचा शेवटचा रोल

“बाकी सगळं घाला मशीनमध्ये. हा कॅमेरा मात्र जाणार नाही,” लेक म्हणाली आणि तिने तो जुना कॅमेरा छातीशी धरला.

विमानतळाच्या तपासणीवरच्या बाईंनी मान वर केली. समोरच्या ट्रेमध्ये आधीच एक दुकान मांडलं गेलं होतं. दोन लेन्स, विटेएवढा फ्लॅश, त्याचे सेल, कॅमेऱ्यांचे पट्टे, फ्लॅनेलची फडकी. बाबांनी कपडे तेवढे सामानात दिले होते आणि उरलासुरला स्टुडिओ खांद्याला लावला होता. सामानवाले फेकाफेक करतात, यावर ते ठाम होते.

“सगळ्यांचे कॅमेरे जातात, ताई.”

“त्यांच्यात रोल नसतो. ह्यात आहे. मशीनच्या किरणांनी तो खराब होतो.”

रांगेत मागे कुणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला. बाबा एका हाताने पँट सावरत उभे होते, कारण कमरेचा पट्टाही ट्रेमध्ये गेला होता.

“जाऊ दे गं,” ते म्हणाले. “एकदा गेल्याने काही होत नाही. आणि झालंच, तर झालं.”

लेकीने चमकून पाहिलं. डार्करूमचं दार वीतभर उघडलं म्हणून तिला दिवसभर बोलणी खायला लावणारे हेच ते बाबा. आई गेल्यापासून त्यांच्यातला जोरच गेला होता. कुणाशी वाद म्हणून नको. लेकीकडे राहायला निघताना स्टुडिओची किल्ली नव्या मालकाच्या हातात ठेवली, तेव्हाही त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं.

रांगेत मात्र मघाशी चांगले खुलले होते. फ्लॅश पिशवीतून काढताना त्यांना लग्नाचे दिवस आठवले. नवरीकडचा एखादा मामा हटकून मागे लागायचा, आमचा एक होऊन जाऊ दे, आता ह्या बाजूने, आता उभ्याने. रोल महाग, मामा चिवट. मग आई बाबांच्या कानाशी लागायची, “ऐकायचे नाहीत हे. कोरडा मारा.” बाबा रोल नसलेला दुसरा कॅमेरा उचलायचे, फ्लॅश लख्ख उडायचा, मामा खूश. ज्याने फोटो मागितला तो पुढे कधी न्यायला येत नाही, हे आईचं शास्त्र होतं आणि ते क्वचितच चुकलं.

हसता हसता लेकीचे डोळे भरून आले होते. त्या स्टुडिओत ती वाढली होती. बाबा फोटो काढायचे, रोल भरणं आणि धुणं आईकडे. शाळेतून आल्यावर स्टुलावर बसून ती बंद कॅमेऱ्यांची डावीकडची चकती फिरवून बघायची. बाबांनीच शिकवलं होतं. चकती अडली तर आत रोल आहे, गरागरा फिरली तर पोट रिकामं.

“मग मला मागचं झाकण उघडून बघावं लागेल,” बाई म्हणाल्या.

“उघडलंत तर उजेड लागेल.”

“ताई, मला काहीतरी तपासायला तर हवं.”

लेकीने कॅमेरा आणखी घट्ट धरला. “ह्यात माझ्या आईचे शेवटचे फोटो आहेत. दुसरे नाहीत. उद्या धुवायला द्यायचेत.”

खरं तर ते फोटो तिच्याच हट्टाने निघाले होते. आई आजारात पार वाळली होती, केस गेले होते. आरशावर तिने टॉवेल टाकून ठेवला होता. लेकीला नोकरीवर परतायचं होतं आणि ती पुन्हापुन्हा म्हणत होती, एक फोटो होऊन जाऊ दे ना, आई. आई नको नको म्हणाली आणि मग एका दुपारी अचानक तयार झाली. निळा स्कार्फ बांधला. खिडकीकडे तोंड करून रोलसुद्धा स्वतःच भरला. कॅमेरा बाबांच्या हातात देताना काहीतरी पुटपुटली आणि जाऊन स्टुलावर बसली.

लेक दिवा धरून उभी होती. पहिला फ्लॅश उडाला आणि आई हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, बाबांकडे बघून. कित्येक महिन्यांत ती तशी हसली नव्हती. लेकीला ते हसू कागदावर हवं होतं. पण बाबांचं दर वेळी एकच, दोन-तीन क्लिक उरलेत, ते संपू देत.

तपासणीच्या बाईंनी झाकणावरचा हात काढला. मग एक कापडी पट्टी घेऊन कॅमेरा बाहेरून सगळीकडून पुसला, पट्टी स्फोटकं शोधणाऱ्या यंत्रात तपासली आणि कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला.

“न्या. जपून.”

पलीकडच्या बाकावर बाबा पट्टा घालत बसले होते. लेक लढाई जिंकल्यासारखी त्यांच्याशेजारी येऊन बसली.

“वाचला, बाबा.”

“हं.”

“तुम्ही तर सोडूनच दिलं होतं. आता असं करू, उरलेले क्लिक तुमचेच काढते. रोल इथेच संपवू.”

“नको गं. आत्ता नको.”

“बसा सरळ.”

तिने कॅमेरा उचलला. डोळ्याला लावण्याआधी जुन्या सवयीने बोट डावीकडच्या चकतीवर गेलं.

चकती गरागरा फिरली.

तिने पुन्हा फिरवली. कुठेच अडली नाही. “बाबा?”

बाबांनी पट्टा शेवटच्या भोकात अडकवला. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आईचं ते त्या दुपारचं हसू थोडंसं उमटलं.

“तिनेच सांगितलं,” ते म्हणाले. “‘पोरगी ऐकायची नाही. कोरडा मारा.’”