बदलून बघूया

दत्ताराम परबाच्या दिंडोशीतल्या गॅरेजात पाटीच लावलेली होती: 'तपासल्याशिवाय पार्ट बदलून मिळणार नाही.' गाडीची वायरिंग बघावी तर त्यानेच, असं आसपासचे रिक्षावालेसुद्धा म्हणायचे.

त्या दिवशी अल्पेश आला तो वैतागूनच. त्याची गाडी सकाळी सुरूच होत नव्हती. आधीच्या मेकॅनिकने काढलेले पार्ट त्याने पिशवीतून आणले होते. त्याने ती टेबलावर उपडी केली. सेल्फ, रिले, इग्निशनचा स्विच.

"एवढं सगळं बदललं, तरी तेच. आता बॅटरी नवीन टाकू ना?"

"अंदाजाने बदलत बसलात अल्पेशभाई, बिघाड तिथेच राहिला," दत्ताराम हसला आणि मीटर घेऊन बॅटरीपासून एकेक जोड तपासत गेला. इंजिनाखालची अर्थिंगची वायर गंजलेली निघाली. ती घासून परत बसवली आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

तेवढ्यात दत्तारामला घरून बायकोचा, शेवंतीचा फोन आला.

"परत पोटात दुखता? ॲसिडिटीच असतली गो. ती गोळी लागू पडाक नाय तर येताना मेडिकलातून दुसरी हाडतंय. बदलून बघूया."

दिवाळीनंतर तिला हॉस्पिटलात न्यावंच लागलं. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले. मग म्हणाले, "फार उशीर झालाय. इतके महिने काय केलंत?"



दत्तारामने अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पाकिटांची पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली.