धरल्याचा पुरावा

बर्फाच्या डब्यात शेवटची नळी उभी होती. करंगळीच्या पेराएवढी. झाकणावर आईचं अक्षर.

"बाई ह्याला 'माझी तीन बोटं' म्हणायच्या," आईची विद्यार्थिनी म्हणाली. "जिवाणूंकडून बनवून घेतलेलं प्रथिन. प्रत्येक बोटात जस्ताचा एक अणू. त्याच्या जोरावर डीएनएचा धागा पकडून ठेवतं."

"आणि अर्ध्यातलं जस्त तुम्ही काढून घेणार," मुलगी म्हणाली.

"घ्यावंच लागतं, ताई. जस्त गेलं की बोटं उलगडतात, धागा सुटतो. तो सुटलेला दाखवला नाही, तर आधी धरला होता हे कुणी मानत नाही. बाईंचा शोधनिबंध नियतकालिकाकडून तेवढ्यासाठीच परत आलाय."

आई गेल्यावर तिचं काहीतरी आठवण म्हणून घेऊन येते, असं मुलगी बाबांना सांगून आली होती. हाती लागलं होतं ते चष्म्याचं घर, आणि फ्रीजरच्या दारावरची चिठ्ठी : उघडून विचार करू नका, विचार करून उघडा.

"अर्धं राहू द्या ना. नवीन बनवता येईल तुम्हाला."

"चारदा बनवलं. माझ्या हातचं धरतच नाही मेलं." विद्यार्थिनीचा आवाज खाली आला. "आणि हे आता वितळलंय. पुन्हा गोठवलं की कामातून जाईल. ठेवून काय करणार?"

मुलीने नळीकडे हात नेला.

"हातात नको, ताई. ऊब लागेल."

तिने हात मागे घेतला. पर्सचा बंद घट्ट धरला.

"घ्या काढून जस्त," ती म्हणाली.

दोन तासांनी दोघी पडद्यासमोर उभ्या होत्या. डावीकडच्या, जस्त असलेल्या ओळीत जेलमधून खाली सरकणारी धाग्याची पट्टी वरच अडकलेली होती. शेजारच्या, जस्त काढलेल्या ओळीत ती थेट तळाशी गेली होती.

"धरलं होतं! बघा, कसलं घट्ट धरलं होतं!" विद्यार्थिनी हसत डोळे पुसू लागली. "आता कोण नाही म्हणतं ते बघतेच."

मुलगी तळाच्या पट्टीकडे बघत होती.

"सुटायला किती वेळ लागला असेल?"

"ते नाही सांगता येत, ताई. आपण पाहिलं तेव्हा सुटलेलंच होतं."